मेकाँगच्या पुलावर संपलेली मुदतवाढ

प्रश्न : मी मूळचा नाशिकचा असून दोन वर्षांपासून थायलंडमधील रायोंग येथे वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता अभियंता आहे. माझ्याकडे नोकरीसाठीच्या नॉन-इमिग्रंट बी व्हिसावर मिळालेली 14 मार्च 2026 पर्यंतची वास्तव्याची मुदतवाढ आणि वर्क परमिट आहे. पत्नी व मुलगी माझ्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीय म्हणून नॉन-इमिग्रंट ओ व्हिसावर राहतात. ऑगस्ट 2025 मधील मातृदिनाच्या जोडसुट्टीत मी मित्रांसोबत नोंग खायहून मेकाँग नदीवरील पूल ओलांडून लाओसच्या राजधानीत, व्हिएन्टियानला गेलो. 12 ऑगस्टला परत येताना अधिकाऱ्याने 10 ऑक्टोबरपर्यंतचा, 60 दिवसांचा शिक्का मारला. मी वर्क परमिट दाखवले, तेव्हा त्याने मान डोलावली. 13 ऑगस्टपासून मी कामावर आहे. कंपनीतील सहकारी म्हणतात, पुन्हा एकदा सीमा ओलांडून आलो की सर्व पूर्ववत होईल. एक एजंट पासपोर्ट घेऊन, मी न जाताच, शिक्के आणून देण्यास तयार आहे. दिवाळीसाठी तिघांची मुंबईची तिकिटे 16 ऑक्टोबरची आहेत. मी काय करावे?

उत्तर : आपला प्रश्न 3 सप्टेंबरला माझ्याकडे आला आणि त्यातील तारखा पाहून मी तो आधी हाती घेतला, कारण आपल्याजवळ अजून वेळ आहे, पण तो फार नाही.

सर्वप्रथम एक गोष्ट आजच तपासावी. पासपोर्टमध्ये मुदतवाढीच्या शिक्क्याच्या आसपास री-एंट्री परमिटचा, म्हणजे देशाबाहेर जाऊन परत येण्यासाठी आधीच घेतलेल्या परवानगीचा, वेगळा शिक्का आहे का, हे प्रत्येक पान उलटून पाहावे. काही कंपन्यांचा मनुष्यबळ विभाग मुदतवाढ घेतानाच हे परमिटही काढून ठेवतो आणि कर्मचाऱ्याला त्याची कल्पना नसते. एकदाच परतण्यासाठीच्या परमिटचे शुल्क 1,000 बाथ आणि अनेकदा ये-जा करण्यासाठीच्या परमिटचे 3,800 बाथ असते, तेव्हा त्याची पावतीही कंपनीच्या फाइलमध्ये सापडू शकेल. व्हिएन्टियानला जाण्यापूर्वी काढलेले आणि वैध असलेले असे परमिट सापडले, तर 12 ऑगस्टचा शिक्का ही नाक्यावरील चूक ठरते. तसे असल्यास पासपोर्ट घेऊन रायोंगच्या इमिग्रेशन कार्यालयात जावे आणि शिक्का दुरुस्त करून मागावा. पुढील बहुतेक मजकूर मग आपल्याला लागू होणार नाही.

परमिट नसेल, तर कायद्याची स्थिती स्पष्ट आहे. थायलंडच्या 1979 च्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम 39 नुसार, तात्पुरत्या वास्तव्याची परवानगी असलेली परदेशी व्यक्ती देशाबाहेर गेली की तिची परवानगी संपली असे मानले जाते. याला अपवाद एवढाच की तिने जाण्यापूर्वी परत येण्याची परवानगी घेतलेली असावी आणि ती त्या परवानगीच्या मुदतीत परतलेली असावी. म्हणजे आपली मार्चपर्यंतची मुदतवाढ परतीच्या शिक्क्याने रद्द झाली असे नसून, आपण नोंग खायच्या नाक्यावरून बाहेर पडलात तेव्हाच ती संपली होती. परत येताना आपल्याकडे कोणतीही जिवंत परवानगी उरली नव्हती, म्हणून अधिकाऱ्याने भारतीय पासपोर्टधारकांना 15 जुलै 2024 पासून मिळणारा 60 दिवसांचा व्हिसामुक्त प्रवेश दिला. त्याने मान डोलावली याचा आपल्याला बचाव म्हणून फारसा उपयोग नाही, कारण कायद्याने संपलेली परवानगी नाक्यावरील अधिकारी तोंडी जिवंत करू शकत नाही. प्रवेशापूर्वी ऑनलाइन भरलेले डिजिटल आगमन कार्ड, जे 1 मे 2025 पासून सक्तीचे आहे, तेही केवळ माहितीपत्रक आहे. त्यात 'नोकरी' असे लिहिले असले, तरी त्याने वास्तव्याचा हक्क मिळत नाही.

इथे बहुतेकांची गफलत व्हिसा, मुदतवाढ आणि वर्क परमिट या तीन कागदांबाबत होते. व्हिसा दारापर्यंत आणतो. किती दिवस राहायचे, हे प्रवेशाचा शिक्का किंवा मुदतवाढ ठरवते. वर्क परमिट कामगार खात्याकडून येते, पण ते या वास्तव्याच्या परवानगीवर उभे असते आणि पर्यटक म्हणून आलेल्या व्यक्तीला ते मिळत नाही. त्यामुळे आपल्या वर्क परमिटवर पुढची तारीख छापलेली असली, तरी त्याच्याखालचा आधार निघून गेला आहे.

म्हणून माझा पहिला आणि सर्वात आग्रहाचा सल्ला असा की, आपण उद्यापासून कामावर जाऊ नये. घरून लॅपटॉपवर काम करणे हेसुद्धा कामच आहे. परदेशी कामगारांच्या व्यवस्थापनाविषयीच्या 2017 च्या आणीबाणी आदेशात 2018 मध्ये दुरुस्ती झाली असून, त्यानुसार परवान्याविना काम करणाऱ्याला 5,000 ते 50,000 बाथ दंड होऊ शकतो आणि त्याला देशाबाहेर पाठवले जाऊ शकते. तशी शिक्षा झाल्यास दोन वर्षे नवे वर्क परमिट मागता येत नाही. आपल्या वयाच्या आणि पेशाच्या माणसाला दंडापेक्षा ही दोन वर्षे अधिक महागात पडतील. कंपनीलाही प्रत्येक परदेशी कर्मचाऱ्यामागे 10,000 ते 1,00,000 बाथ दंडाचा धोका आहे, तेव्हा रजा मागताना हे वरिष्ठांना लेखी कळवावे. आपल्या ईमेलमध्ये प्रवासाच्या तारखा, शिक्का आणि चूक लक्षात आल्याची तारीख सरळ शब्दांत नमूद करावी. आपण काही लपवले नाही, हे दाखवणारा कागद पुढे उपयोगी पडतो.

13 ऑगस्टनंतर झालेल्या कामाचे काय, हा प्रश्न आपल्या मनात असणारच. तो कंपनीच्या थाई वकिलामार्फत हाताळावा. थायलंडमध्ये वकिली हा परदेशी व्यक्तींना निषिद्ध असलेला व्यवसाय आहे, त्यामुळे तेथील कार्यालयासमोर आपली बाजू थाई वकीलच मांडू शकतो आणि माझे हे उत्तर त्याला पर्याय होऊ शकत नाही. कोणत्याही कार्यालयात थाई भाषेतील जबाब पुढे केला गेला, तर तो वाचून समजावून सांगणारा दुभाषा असल्याखेरीज त्यावर सही करू नये.

सहकाऱ्यांनी सुचवलेल्या पुन्हा सीमा ओलांडण्याच्या मार्गाविषयी सांगायचे, तर त्याने मुदतवाढ परत येत नाही. फार तर आणखी एक पर्यटकाचा शिक्का मिळेल. शिवाय जमिनीवरच्या नाक्यांवरून व्हिसामुक्त प्रवेश एका कॅलेंडर वर्षात दोनदाच मिळतो आणि त्यातील एक प्रवेश आपला आधीच खर्च झाला आहे. वर्क परमिट खिशात असताना वारंवार पर्यटक म्हणून येणारा माणूस अधिकाऱ्याच्या नजरेत येतो आणि प्रवेश नाकारला जाऊ शकतो.

एजंटचा प्रस्ताव मात्र निव्वळ चुकीचा सल्ला म्हणून सोडून देण्याजोगा नाही. तो गुन्हा आहे. आपण प्रत्यक्ष सीमा ओलांडली नसताना पासपोर्टवर शिक्के उमटणे म्हणजे खोटी नोंद, आणि ती संगणकीय नोंदीशी जुळत नाही हे पुढच्याच विमानतळावर उघड होऊ शकते. भारतीय कायद्याच्या बाजूनेही पाहावे : 1967 च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम 17 नुसार पासपोर्ट ही कायम केंद्र सरकारची मालमत्ता असते आणि त्यातील नोंदींत अधिकाराविना फेरफार करणे कलम 12 खाली दंडनीय आहे. आजवर आपल्या हातून झाली ती चूक आहे, आणि ती दुरुस्त होऊ शकते. पासपोर्ट एजंटच्या हाती दिलात, तर 'मला माहीत नव्हते' हे आपले प्रामाणिक म्हणणेही कोणी ऐकून घेणार नाही. त्याच्याकडे पासपोर्ट आधीच दिला असेल, तर आज संध्याकाळपर्यंत तो परत घ्यावा.

आता कायदेशीर मार्ग दोन आहेत. पहिला, थायलंडमध्येच राहून टीएम 87 या अर्जाने नॉन-इमिग्रंट बी व्हिसा मागणे. शुल्क 2,000 बाथ आहे. मंजुरी मिळाल्यास 90 दिवसांचे वास्तव्य मिळते आणि नंतर 1,900 बाथ भरून टीएम 7 अर्जाने नवी मुदतवाढ मागता येते. पण अर्जाच्या वेळी सध्याच्या मुदतीचे किमान 15 दिवस शिल्लक असावे लागतात, म्हणजे आपल्या बाबतीत 25 सप्टेंबर ही शेवटची तारीख धरावी. तोपर्यंत कंपनीची नोंदणी, ताळेबंद, कर आणि सामाजिक सुरक्षा वर्गणीचे कागद अशी जाडजूड फाइल तयार व्हावी लागेल आणि मंजुरी अधिकाऱ्याच्या विवेकाधीन राहील.

दुसरा मार्ग म्हणजे भारतात परत येऊन मुंबईतील थाई महावाणिज्य दूतावासाकडे नॉन-इमिग्रंट बी व्हिसासाठी अर्ज करणे. 1 जानेवारी 2025 पासून भारतातील अर्ज ई-व्हिसा पद्धतीने ऑनलाइन होतात आणि अर्ज करताना आपण भारतात असणे आवश्यक आहे. जुन्या वर्क परमिटचे काय करायचे, ते चालू ठेवता येते की रद्द करून नवे मागावे लागते, याचे लेखी उत्तर कंपनीने प्रांतीय रोजगार कार्यालयाकडून आधीच घ्यावे.

मला विचाराल तर मी दुसरा मार्ग निवडेन. पहिल्या मार्गात, पर्यटकाच्या शिक्क्यावर काम केलेल्या दिवसांची विचारणा होईल अशाच कार्यालयासमोर आपण सवलतीची विनंती घेऊन उभे राहाल. शिवाय आपल्याला दिवाळीला घरी यायचेच आहे. मात्र तिकिटाची तारीख बदलणे अनिवार्य आहे. 16 ऑक्टोबरला निघालात तर 10 ऑक्टोबरनंतरचे सहा दिवस मुदतबाह्य वास्तव्य होईल. विमानतळावर स्वतःहून हजर झाल्यास दिवसाला 500 बाथप्रमाणे 3,000 बाथ दंडावर सुटका होते, हे खरे. परंतु त्या सहा दिवसांत रस्त्यावरील तपासणीत पकडले गेल्यास, मुदत एका वर्षापेक्षा कमी ओलांडलेली असली तरी पाच वर्षांची प्रवेशबंदी लागू शकते. एवढ्या मोठ्या जोखमीसाठी तिकीट बदलण्याचे पैसे वाचवू नयेत. सप्टेंबरअखेर निघता आले तर उत्तम, म्हणजे दिवाळीपूर्वी कागदांना तीन आठवडे मिळतील.

पत्नी आणि मुलीविषयी आपण काही विचारलेले नाही, पण मला तीच काळजी अधिक वाटते. त्या ऑगस्टमध्ये रायोंगमध्येच होत्या, त्यामुळे त्यांच्या पासपोर्टवरील तारीख अबाधित दिसेल. परंतु त्यांचे वास्तव्य आपल्या मुदतवाढीवर आधारलेले होते आणि तो आधार आता उरलेला नाही. ही स्थिती थाई वकिलामार्फत इमिग्रेशन कार्यालयासमोर स्वतःहून ठेवावी आणि त्यांना राहता येते की नवा अर्ज करावा लागतो, हे विचारून घ्यावे. नवा अर्ज करावा लागणार असेल, तर तिघांनीही एकत्र भारतात येऊन आपला बी आणि त्यांचा ओ व्हिसा एकाच सुमारास मागावा. त्यांची सध्याची परवानगी टिकते असे कार्यालयाने सांगितले, तर त्या दोघींनी निघण्यापूर्वी रायोंगच्या कार्यालयातूनच टीएम 8 अर्जाने री-एंट्री परमिट घ्यावे आणि परमिटचा शिक्का प्रत्येकीच्या पासपोर्टवर स्वतः पाहूनच विमानतळाकडे निघावे. सुवर्णभूमी विमानतळावरही हे परमिट देणारा कक्ष आहे, पण मूल आणि सामान सोबत असताना विमानाची वेळ गाठायची असेल, तर त्यावर विसंबू नये.