पोलिशचा गंधही नसताना थेट विद्यापीठात शिकायला घेतली तर जमेल का?

हो, जमते, विद्यापीठांतले पहिल्या पातळीचे वर्ग कोऱ्या पाटीवाल्यांसाठीच असतात. पोलंडमधल्या वूच विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांच्या तयारीच्या वर्गात मी शिकलो, त्यावरून सांगतो. (दिल्ली विद्यापीठातही पोलिश शिकवतात.) उच्चारांची धास्ती लवकर जाते, कारण वाचायचे नियम पक्के आहेत आणि जोर जवळपास नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो. खरा घाम विभक्ती काढतात. सात विभक्ती, तीन लिंगं हे मराठी माणसाला नवं नाही, पण आकड्यांपाशी गाडी अडते: दोन मांजरं ‘द्वा कोती’, पाच मात्र ‘प्येंच कोतुफ’, कारण पाचपासून नाम षष्ठीच्या अनेकवचनात जातं. बावीसला पुन्हा ‘कोती’च, हा छळ वेगळाच! म्हणून नवं नाम वहीत उतरवतानाच त्याची षष्ठीची रूपं शेजारी लिहा. मात्र पोलिश माध्यमातून पदवी करायची असेल तर बहुतेक ठिकाणी बी-२ पातळी (भाषा किती येते हे मोजायच्या युरोपीय मोजपट्टीवरच्या सहांपैकी चौथी पायरी) मागतात, आणि आठवड्याला दोन तासिकांच्या वर्गातून ती वर्षभरात येत नाही. त्यासाठी रोज तास असलेला वर्षभराचा तयारी वर्गच घ्या.