आधी एक बॅच, मग सगळा प्लांट

लॉकआउट-टॅगआउटचं, म्हणजे दुरुस्तीआधी मशीन बंद करून त्याला कुलूप आणि सूचनेची पाटी लावायचं, ट्रेनिंग सगळ्या प्लांटला एकदम देऊ नकोस. आधी दहा-बारा जणांची एक बॅच घे, पण एचआरने वेचून दिलेली हुशार मंडळी नकोत. रात्रपाळीचा ऑपरेटर, कंत्राटी कामगार, मराठी वाचता न येणारा हेल्पर असू देत. आणि ‘हे आम्हाला माहितीये’ म्हणणारा जुना फिटर तर हवाच. खरी खोट तोच काढतो.

फीडबॅक फॉर्मवर फार विसंबू नकोस. समोसा गरम असला की पाचपैकी पाच मिळतात! ट्रेनिंगचा उपयोग किती झाला हे जोखायला अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये मांडलेल्या चार पातळ्यांतली ही पहिलीच, प्रतिक्रियेची. त्यापुढे शिकणं, वागणं आणि परिणाम. तुला निदान वागण्यापर्यंत पोचायचंय. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी, न सांगता, शॉपफ्लोअरवर जा. दुरुस्ती चालू असताना कुलूप लागलंय का, चावी दुरुस्ती करणाऱ्याच्याच खिशात आहे का, लाइनमधली साठलेली हवा सोडली का, स्टार्टचं बटण दाबून मशीन सुरू होत नाही याची खात्री केली का, ते बघ.

सुपरवायझरला मात्र आधीच विचारून ठेव, कुलूप लावायला लाइन थांबवू देणार का. नसेल, तर स्लाइड कितीही सुधार, काही फरक पडणार नाही.