शेवटचे तीन आठवडे : सराव किती कमी करावा?

प्रश्न : माझे वय 46 असून जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनमध्ये मी प्रथमच 42.195 किलोमीटरचे पूर्ण अंतर धावणार आहे. सप्टेंबरपासून आठवड्याला 55 ते 60 किलोमीटर सराव होत होता. मात्र डिसेंबरच्या सुरुवातीला तापाने आठ दिवस गेले आणि 32 किलोमीटरची एक लांब धाव बुडाली. ती स्पर्धेच्या आधीच्या रविवारी भरून काढावी, असे मनात आहे. आमच्या गटातील काही जण मात्र शेवटचा पंधरवडा पूर्ण विश्रांती घ्यायला सांगतात. कोणता मार्ग योग्य? – एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन्ही मार्ग टाळावेत. लांब धावेचा लाभ शरीरात मुरायला साधारण दहा दिवस ते दोन आठवडे लागतात. उलट तिचा थकवा, म्हणजे स्नायूंची बारीक झीज आणि रिकामे झालेले ग्लायकोजेनचे (स्नायूंत साठवलेल्या कर्बोदकांचे) साठे, त्याच दिवसापासून तुमच्या पायांत असतो. त्यामुळे आठवडाभर आधी धावलेल्या 32 किलोमीटरमधून स्पर्धेच्या दिवशी फक्त थकवाच वाट्याला येईल. मी स्वतः पहिल्या मुंबई मॅरेथॉनपूर्वी अशीच भरपाई करायला गेलो होतो आणि पेडर रोडच्या चढावर, बाजूने चालणारी माणसे मला मागे टाकत असताना, मांड्यांचे लाकूड झाले म्हणजे काय ते कळले. बुडाली ती धाव बुडाली, असे समजून सोडून द्यावी.

पूर्ण विश्रांतीचा सल्लाही तितकाच चुकीचा आहे. धावणे एकदम थांबवले की काही दिवसांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण घटू लागते आणि पाय आपली लय विसरतात. या विषयावरील अभ्यासांचा एकत्रित कल असा, की सुमारे दोन आठवड्यांत एकूण अंतर 40 ते 60 टक्क्यांनी घटवावे, परंतु धावण्याचे दिवस आणि वेग जवळपास तेच ठेवावेत. बहुतेकांची चूक इथेच होते : ते किलोमीटर तेवढेच ठेवून रमतगमत धावतात आणि त्याला टेपरिंग, म्हणजे स्पर्धेपूर्वी सराव घटवणे, म्हणतात.

तुमच्या बाबतीत तीन आठवडे आधी 45 किलोमीटर (त्यात 24 ची एक धाव), दोन आठवडे आधी 35 (त्यात 16 ची), आणि स्पर्धेच्या आठवड्यात, स्पर्धा वगळून, 20 च्या आसपास पुरे. साडेचार तासांचे लक्ष्य असेल, तर किलोमीटरला 6 मिनिटे 24 सेकंद हा वेग पडतो. शेवटच्या बुधवारी थोडे अंग गरम करून त्या वेगाने तीन किलोमीटर धावावे आणि आणखी धावावेसे वाटत असतानाच घरी यावे. जिममधील जड वजने शेवटचे दहा दिवस बंद.

या काळात मन खेळ करते. कालपर्यंत ठणठणीत असलेली टाच दुखू लागते, घसा खवखवल्यासारखा वाटतो, वजन किलोभर वाढते. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी साठते, त्यामुळे वजनाची काळजी नको. दुखणे मात्र एकाच ठिकाणी बोट ठेवून दाखवता येत असेल, धावताना वाढत असेल किंवा लंगडायला लावत असेल, तर डॉक्टरांना दाखवण्यात दिरंगाई करू नये.

प्रश्न : स्पर्धा संक्रांतीच्या लगतच येते. गुळाची पोळी खावी की नाही? – एक वाचक, ठाणे

उत्तर : संक्रांतीला अवश्य खावी, तूप मात्र बेताने. शेवटच्या दोन दिवसांत रोज शरीराच्या दर किलोमागे 8 ते 10 ग्रॅम कर्बोदके घ्यावीत, असे सांगितले जाते. 60 किलो वजनाच्या व्यक्तीला ती 480 ते 600 ग्रॅम पडतात, आणि वाटीभर शिजलेल्या भातात जेमतेम 40 ग्रॅमच्या आसपास असतात. म्हणून एका रात्री ताट भरून जेवण्याने हे साधत नाही. मऊ भात, पोहे, उकडलेले बटाटे, केळी, सरबत असे दिवसभर विभागून खावे लागते. भोगीची बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी चोथ्याने समृद्ध, एरवी उत्तम. परंतु स्पर्धा दोन दिवसांवर असेल तर ती चाखण्यापुरतीच घ्यावी. तिळगुळाचेही तसेच, कारण तिळातील स्निग्धांशाने पोट लवकर भरते आणि भाताला जागा उरत नाही.

पूर्ण मॅरेथॉन पहाटे अंधारातच सुटते, त्यामुळे न्याहारी अडीच-तीनला करावी लागते. त्या वेळी घशाखाली काय उतरते, हे वर सांगितलेल्या 24 किलोमीटरच्या धावेच्या पहाटेच करून पाहावे.