आयात केलेल्या पुंगळ्या पुन्हा भरण्याजोग्या आहेत का?

प्रश्न : मी अमेरिकेत टेक्सस राज्यात राहतो. माझ्याकडे .303 ली-एन्फील्ड रायफल असून तिची काडतुसे मी घरीच रीलोड करतो. अलीकडे मला आयात काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्यांची एक पिशवी स्वस्तात मिळाली. काहींच्या बुडावर ‘केएफ’ आणि सालाचे दोन आकडे आहेत, तर काहींवर ‘एनएनवाय’ अशी अक्षरे दिसतात. यांतल्या कोणत्या ठेवाव्यात?

उत्तर : तुमच्या पिशवीतला एक शिक्का आपल्याकडचाच आहे. ‘केएफ’ हा पुण्यातील खडकीच्या, 1869 साली स्थापन झालेल्या दारूगोळा कारखान्याचा शिक्का. ‘एनएनवाय’ मात्र सर्बियातील उझित्से येथील पर्वी पार्टिझान या कारखान्याचा. सिरिलिक लिपीतील त्याची ‘पीपीयू’ ही आद्याक्षरे रोमन समजून वाचली की तशी दिसतात.

शिक्क्यावरून अंदाज बांधता येतो, पण निकाल पुंगळीच्या आत पाहूनच द्यावा लागतो. पुंगळीच्या तोंडातून विजेरीचा प्रकाश टाका. तळाशी मधोमध एकच छिद्र दिसले, तर ती बॉक्सर पद्धतीची आहे आणि तुमच्या नेहमीच्या डायमधील (पुंगळीला पुन्हा आकार देणाऱ्या साच्यातील) पिनेने तिचा प्राइमर, म्हणजे दारू पेटवणारी बुडाची टोपी, निघेल. मध्यभागी काहीच नसून बाजूला दोन बारीक छिद्रे दिसली, तर ती बर्डन पद्धतीची; तिच्यात ऐरण (ज्यावर चेपून प्राइमर पेटतो तो उंचवटा) पुंगळीच्याच तळाला घडवलेली असल्यामुळे पिन त्या ऐरणीवर आपटून मोडते. बॉक्सर हा ब्रिटिश अधिकारी आणि बर्डन अमेरिकन, पण अमेरिकेने बॉक्सरची पद्धत उचलली आणि ब्रिटिशांच्या लष्करी .303 मध्ये बर्डनची रुळली, ही गंमतच म्हणायची.

खडकीच्या लष्करी पुंगळ्या बहुधा बर्डनच निघतील. त्यांचा प्राइमर पाण्याच्या दाबाने काढता येतो, परंतु त्या मापाचे नवे प्राइमर मिळवणे इतके जिकिरीचे आहे की माझ्या मते हा खटाटोप परवडत नाही. शिवाय जुन्या लष्करी प्राइमरांत पोटॅशियम क्लोरेट असे. त्याचा क्षार गरम पाण्याने धुऊन जातो. पण प्राइमरात पाराही असेल, तर तो पितळात मुरून ते ठिसूळ करतो आणि त्यावर धुण्याचा उपाय चालत नाही. वयाचा दोष वेगळाच. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या न वापरताच तडकत, कारण मूत्रातला अमोनिया आणि दमट हवा ताणाखालच्या पितळाला चिरा पाडतात. त्यामुळे मानेवर, म्हणजे तोंडाजवळच्या अरुंद भागावर, केसासारखी उभी चीर दिसली, तर ती पुंगळी थेट बाद करा, आणि पुंगळ्या स्वच्छ करताना अमोनिया असलेले पॉलिश वापरू नका. मानेवरचा निळसर डाग मात्र पितळ मऊ करताना दिलेल्या उष्णतेचा असतो. तो दोष नव्हे.

सर्बियन पुंगळ्या बॉक्सर पद्धतीच्या आणि पुन्हा भरण्याजोग्या असतात, तरी डोळे झाकून घेऊ नका. ली-एन्फील्डचे चेंबर (काडतूस बसते ती पोकळी) ऐसपैस असते आणि बोल्ट (काडतुसामागचा सरकता अडसर) मागच्या बाजूला अडकत असल्यामुळे दाबाखाली किंचित लवतो, म्हणून पुंगळी बुडाच्या थोडे वर ताणली जाऊन आतून पातळ होते. कागदाच्या क्लिपेची तार सरळ करून तिचे टोक काटकोनात वाकवा आणि पुंगळीच्या आतल्या भिंतीवरून बुडापासून वर ओढा. खाच लागली किंवा बाहेरून त्याच जागी चकचकीत कडे दिसले, तर पुढच्या बारात पुंगळीचे दोन तुकडे होऊ शकतात. उरलेल्यांची, त्या याच रायफलमधून सुटल्या असतील तर, फक्त मान साइझ करा, म्हणजे डायमध्ये दाबून मूळ मापाला आणा. दुसऱ्याच्या रायफलमधल्या असतील तर आधी फुल-लेंग्थ (पूर्ण पुंगळी दाबणारी) डाय चालवावी लागेल, पण खांदा (मानेखालचा उतार) चेंबरला लागेल इतकाच मागे ढकला.

वेगळ्या शिक्क्यांच्या पुंगळ्या एकत्र भरू नयेत. जाड भिंतीच्या पुंगळीत आतली जागा कमी असल्याने तेवढ्याच दारूला दाब वाढतो. म्हणून रिकाम्या पुंगळ्या तोलून गट करा आणि प्रत्येक गटासाठी रीलोडिंगच्या पुस्तकातील दारूच्या सुरुवातीच्या मापापासूनच आरंभ करा.

येथील वाचकांसाठी एवढेच, की भारतात 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणे गुन्हा आहे. तुम्ही बाद केलेल्या पुंगळ्यांची तोंडे पकडीने चेपूनच त्या भंगारात द्या, म्हणजे त्या दुसऱ्या कोणाच्या पिशवीत जाणार नाहीत.