एस्कोविचमधला ‘व’ आणि आपला शेरवा

प्रश्न असा आहे: कॅरिबियन समुद्रातल्या जमैका बेटाच्या ‘एस्कोविच फिश’ची कृती मराठीत लिहिताना ‘लोणच्यातला मासा’ म्हटलं तर चालेल का, आणि हा शब्द मुळात कुठला?

‘लोणच्यातला’ नको. लोणचं म्हटलं की मीठ, तेल, मोहरीची डाळ आणि बरणी डोळ्यांपुढे येते. शब्दाच्या पोटातच ‘लवण’ आहे. एस्कोविचचा जीव शिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये. आपल्या तांबोशीच्या कुळातला मासा चिरा पाडून अख्खाच कडक तळतात. दुसरीकडे शिरक्यात कांद्याच्या चकत्या, गाजराचे लांब तुकडे, स्कॉच बॉनेट ही जहाल मिरची आणि जमैकन मिरीचे (ऑलस्पाइसचे) दाणे घालून उकळी आणतात. (ही मिरी म्हणजे कबाबचिनी नव्हे, दुकानदारसुद्धा गल्लत करतात.) कांद्याचा कच्चेपणा जेमतेम मोडला की सगळं गरमागरम माशावर ओतायचं. त्या वाफेनं ठसका लागतोच. मग मासा त्यात मुरतो, आणि रात्री करून सकाळी खाणारेही पुष्कळ. ‘मुरणे’ हे क्रियापद घरात आयतं असताना मी सरळ ‘शिरक्यात मुरवलेला तळला मासा’ लिहीन.

आता व्युत्पत्ती, आणि खरी गंमत इथेच आहे. जमैकावर 1655 पर्यंत स्पॅनिश अंमल होता, मग इंग्रज आले. स्पॅनिश शब्द ‘एस्काबेचे’. त्या भाषेत दोन स्वरांमधला ब इतका मऊ उच्चारतात की परक्या कानाला तो व वाटावा. एस्कोविचमध्ये व आला यात नवल नाही. स्पेनमध्ये हा शब्द अरबांनी नेला. अरबीत ‘सिकबाज’ म्हणजे शिरका घालून शिजवलेलं आंबटगोड मांस, बगदादच्या खलिफांच्या काळातला मानाचा पदार्थ. अरबांनी तो घेतला इराणकडून: जुन्या फारसीत ‘सिक’ म्हणजे शिरका आणि ‘बा’ म्हणजे रस्सा, कालवण.

हा ‘बा’ ओळखीचा वाटला का? शोर म्हणजे खारट, अधिक बा, म्हणजे शोरबा. आणि मराठीनं शोरब्याचं केलं काय? शेरवा! मटणाच्या पातेल्यातून वाटीत ओततो तोच. म्हणजे एकाच ‘बा’चा ब इथे आपल्या तोंडात व झाला आणि तिकडे कॅरिबियन समुद्रातही व झाला. कोणी कोणाकडून घेतलं नाही, दोघांची जीभ आपापली घसरली.

गोव्याचं विंदालू याच गोतावळ्यातलं वाटतं, कारण तिथेही शिरकाच, माडाच्या सुरेचा. पण शब्द निराळा: पोर्तुगीज ‘विन्या द आल्यूश’, म्हणजे वाइन आणि लसूण. त्यातल्या ‘आलू’चा बटाट्याशी काडीचा संबंध नाही, हॉटेलवाले काहीही घालोत.

लिहिताना ‘एस्कोविच’ लिहा, ‘एस्कोव्हिच’ही चालेल. मात्र शेवटचा च चहातला, चोरातला नव्हे.