हॅरी पॉटरच्या चार संगीतकारांमध्ये कुणाचं पार्श्वसंगीत सरस?

तुम्ही विचारलंय की हॅरी पॉटरच्या आठ चित्रपटांना चार संगीतकारांनी पार्श्वसंगीत दिलं, त्यात सगळ्यात चांगलं कुणाचं, आणि संगीतकार बदलत गेल्यामुळे मालिकेचं नुकसान झालं का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण मला जास्त हळहळ त्याचीच वाटते. हो, नुकसान झालं. चौघांनीही जीव ओतून काम केलंय, एकही भाग टाकाऊ नाही. पण एकाने जे पेरलं ते पुढच्याने उगवू दिलं नाही.

कोणता भाग कुणाचा ते आधी सांगते. पहिले तीन (२००१, २००२, २००४) जॉन विल्यम्स यांचे. दुसऱ्या भागाच्या वेळी त्यांच्या हातात इतर कामं इतकी होती की धुना त्यांच्या असल्या तरी त्या चित्रपटावर बेतायचं आणि वाद्यवृंदाचं संचालन करायचं काम विल्यम रॉस यांनी केलं. चौथा भाग (२००५) पॅट्रिक डॉयल, पाचवा आणि सहावा (२००७, २००९) निकोलस हूपर, आणि शेवटच्या पुस्तकाचे दोन्ही चित्रपट (२०१०, २०११) अलेक्झांद्र देस्पला. बदल का झाले? विल्यम्सनी २००५ या एका वर्षात स्टार वॉर्सचा तिसरा भाग, 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स', 'मेमॉयर्स ऑफ अ गेशा' आणि 'म्युनिक' असे चार चित्रपट केले. पॉटरसाठी जागा उरणार कुठून? शिवाय दिग्दर्शक बदलले की त्यांची माणसंही बदलतात. चौथ्या भागाचे माइक न्यूवेल यांनी डॉयलबरोबर आधी काम केलं होतं, आणि पाचव्यापासून आलेल्या डेव्हिड येट्सबरोबर हूपर टेलिव्हिजनवर काम करत आले होते.

आता त्या धुनेबद्दल, जी सगळ्यांना पाठ आहे. हेडविग या हॅरीच्या घुबडाच्या नावाची, हेडविगची धून. मी लहानपणी पेटी शिकले, त्यामुळे कानाला सवय अशी की आवडलेलं काहीही आधी पेटीवर काढून बघायचं. ही धून काढताना मी अडखळले होते आणि तो प्रसंग अजून आठवतो. पांढरी तीनला सा धरा. मंद्र पंचमावरून उडी षड्जावर, मग कोमल गंधार, शुद्ध रिषभ, षड्ज, वरचा पंचम, मध्यम, आणि पुन्हा रिषभावर मुक्काम. इथवर सगळं सोपं. पण पुढची ओळ संपता संपता कोमल रिषभ लागतो आणि तिथून सूर थेट मंद्र पंचमावर येतो. आत्ता ज्या शुद्ध रिषभावर आपण विसावलो होतो, तोच पायाखालून अर्धा सूर खाली सरकलेला असतो. एवढ्याशा जागेत दोन्ही रिषभ! मला वाटतं त्या धुनेतली सगळी जादू तिथे आहे. ऐकणाऱ्याला स्वरांची नावं माहीत नसली तरी काहीतरी सरकलं हे कळतंच. त्यात ठेका तीन मात्रांचा, त्यामुळे धून झुलत राहते, लष्करी चालीत जात नाही. आणि वाद्य सेलेस्टा. दिसायला छोट्या पियानोसारखं, पण आत तारांऐवजी धातूच्या पट्ट्या. चायकोव्हस्कीने १८९२च्या 'नटक्रॅकर'मध्ये साखरपरीच्या नाचासाठी हेच वाद्य घेतलं होतं, तेव्हापासून तो आवाज आला की पाश्चात्त्य कानाला परीकथा आठवते. विल्यम्सनी ते नेमकं हेरलं.

पहिले दोन भाग याच रंगाचे आहेत. भरघोस, उजळ, प्रत्येक गोष्टीला स्वतःची धून. झाडूला, शाळेला, दगडाला, दुसऱ्या भागातल्या फीनिक्स पक्ष्याला. लहान मुलाला बोट धरून जत्रा दाखवावी तसं हे संगीत दाखवत राहतं. कधीकधी जरा जास्तच दाखवतं, हे माझं मत.

माझ्या दृष्टीने खरी उंची तिसऱ्या भागाची. अल्फोन्सो क्वारोन दिग्दर्शक झाले आणि विल्यम्सनी जणू स्वतःचंच दुकान आवरून नवं मांडलं. हेडविगची धून मोजकीच ठेवली. त्याऐवजी मध्ययुगीन वाद्यं आणली, रेकॉर्डरसारख्या साध्या लाकडी बासऱ्या आणल्या. शाळेतली मुलं हातात बेडूक घेऊन गातात ते गाणं आठवतंय? त्याचे शब्द शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मधल्या चेटकिणींचे. आणि ती धून पुढे चित्रपटभर वेगवेगळ्या वेशात फिरत राहते, कधी मिश्कील, कधी भीती घालणारी. जादूच्या यंत्राने काळ मागे फिरवल्यानंतरच्या प्रसंगांत घड्याळाची टिकटिक संगीतातच मुरवलेली आहे. बकबीक या पंखवाल्या प्राण्याच्या पाठीवरून हॅरी तळ्यावर उडतो तिथे आधी टिंपनीचा, म्हणजे मोठ्या ढोलांचा, असा गडगडाट होतो की आता काहीतरी कोसळणार असं वाटतं, आणि मग व्हायोलिनं उघडतात. तो भाग मी पहिल्यांदा थिएटरात पाहिला तेव्हा चित्रपट हिंदीत डब केलेला होता. संवादांतलं आज फारसं काही आठवत नाही. ते ढोल आणि नंतरचं ते उघडणं मात्र छातीत बसलंय.

पण मला बोलायचंय ते 'अ विंडो टू द पास्ट' या तुकड्याबद्दल. रेकॉर्डरवर सुरू होणारी एक संथ, जुनी वाटणारी धून. प्रोफेसर लूपिन हॅरीला त्याच्या आईबद्दल सांगतात, तिथे ती भरून येते. हॅरीला आई-वडिलांची जवळजवळ काहीच आठवण नाही. जे आहे ते दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं. ती धून म्हणजे ते ऐकीव प्रेम. तिच्यात रडारड नाही, फक्त एक खिडकी किलकिली होते.

आता विचार करा, ही धून पुढे कुठेकुठे यायला हवी होती. चौथ्या भागात स्मशानात खलनायक व्होल्डेमॉर्टच्या छडीतून हॅरीच्या आई-वडिलांची रूपं उमटतात, तिथे. पाचव्यात हॅरीचा पालक असलेला सिरियस मरतो, तिथे. शेवटच्या भागात हॅरी मरायला जंगलात निघतो आणि चौघं त्याच्या सोबतीला येतात, आई, वडील, सिरियस, लूपिन, तिथे तर यायलाच हवी होती. कुठेही येत नाही. तिसऱ्या भागाबरोबर ती धून संपते. फीनिक्सच्या धुनेचंही तेच. सहावा भाग त्या पक्ष्याच्या उड्डाणावरच संपतो, पण विल्यम्सनी त्याला दिलेली धून तिथे नाही. 'लॉर्ड ऑफ द रिंग्स'च्या तिन्ही चित्रपटांना हॉवर्ड शोअर हा एकच संगीतकार होता. तिथे पहिल्या भागात ऐकलेली धून तिसऱ्यात परतते तेव्हा आपल्याला मधले सगळे तास एकदम आठवतात. पॉटरमध्ये संगीताची अशी स्मृती तयार व्हायला लागली आणि मध्येच तुटली. चौघांतल्या कुणाचाही हा दोष मी मानत नाही. प्रत्येक संगीतकाराला आपली भाषा बोलायची असते आणि दिग्दर्शकालाही नवा आवाज हवा असतो. पण ऐकणाऱ्याचं जे गेलं ते गेलंच.

डॉयल स्कॉटिश. त्यांचा हात जड आहे, चांगल्या अर्थाने. पितळी वाद्यं, समूहगान, नृत्याचे तुकडे. चौथ्या भागात नाच आहे, स्पर्धा आहे, परदेशी पाहुणे आहेत, त्यामुळे वॉल्ट्झ आणि मिरवणुकीची धून यांना जागाही भरपूर. 'हॅरी इन विंटर' हा त्यांचा तुकडा सुटा ऐकावा इतका गोड आहे. मात्र त्यांच्या संगीताची सगळ्यात मोठी जागा मला वेगळीच वाटते. हॅरी सेड्रिक या दुसऱ्या स्पर्धकाचं प्रेत घेऊन परत येतो. लोकांना वाटतं स्पर्धा जिंकली. शाळेचा बँड दणक्यात वाजायला लागतो, टाळ्या, शिट्ट्या. मग कुणाच्या तरी लक्षात येतं, किंकाळी येते, बँड विस्कटत थांबतो. आणि त्या शांततेत मुलाच्या वडिलांचा टाहो. लग्नाच्या वरातीत वाईट बातमी यावी आणि बँडवाल्यांचे हात एकेक करून खाली यावेत, तसं आहे ते. पार्श्वसंगीत दुःख सांगायला पुढे येत नाही, पडद्यावरचंच आनंदाचं संगीत मोडतं आणि त्या मोडण्यातून दुःख कळतं. ही मालिका त्या क्षणी मोठ्यांची झाली असं मी म्हणेन.

हूपर यांना लोक फार लवकर निकालात काढतात. त्यांच्या धुना गुणगुणता येत नाहीत ही तक्रार मी खूपदा वाचलीय, आणि पाचव्या भागातल्या जुलमी शिक्षिका अम्ब्रिजबाईंची धून वगळली तर ती बरीचशी खरीही आहे. (ती एक धून मात्र अफलातून! वरवर गुबगुबीत गुलाबी, टुणटुण उड्या मारणारी, आणि ऐकता ऐकता आपल्याला त्या बाईचा राग यायला लागतो.) पण हूपर धुनेचे संगीतकारच नाहीत. ते अंतर राखणारे संगीतकार आहेत. सिरियस मरतो तेव्हा हॅरी ओरडतो, पण त्याची किंकाळी आपल्याला ऐकू येत नाही, आवाज काढून टाकलाय, फक्त संगीत उरलंय. तिथे एखाद्याने अख्खा वाद्यवृंद अंगावर घातला असता. हूपर नाही घालत.

आणि सहाव्या भागातलं 'डम्बलडोअर्स फेअरवेल', मुख्याध्यापक डम्बलडोअर यांच्या मृत्यूनंतरचं. तंतुवाद्यं संथ चढत जातात, बस. पुस्तकात तिथे साग्रसंगीत अंत्यविधी आहे, चित्रपटात तो नाही. शिक्षिका मॅकगोनागलबाई छडी उंच धरतात, टोकावर उजेड, मग एकेक विद्यार्थी, आणि आकाशातली ती दुष्टांची काळी खूण विरते. अंत्ययात्रेचं सगळं काम त्या दोन-अडीच मिनिटांच्या संगीताने केलंय. माझे आजोबा गेले त्या आठवड्यात हा तुकडा मी रोज रात्री ऐकायचे. त्यात सांत्वन नाही, घाई नाही. शेजारी येऊन नुसतं बसणाऱ्या माणसासारखा आहे तो. म्हणून हूपर कमी पडले असं कुणी म्हटलं की मला बोलल्याशिवाय राहवत नाही.

देस्पला फ्रेंच. नीटस, आखीव, कुठेही जास्तीचा सूर नाही. सातव्याच्या पहिल्या भागात हॉगवर्ट्स शाळाच जवळजवळ नाही, मुलं रानोमाळ भटकतायत, आणि सुरुवातीच्याच पाठलागात हेडविग मरते. तिची धूनही त्या चित्रपटात फार क्वचित डोकावते. घर सुटलं की घरातले आवाजही सुटतात, तसं. मला ते पटलं. हॅरीची मैत्रीण हर्मायनी आई-वडिलांच्या आठवणीतून स्वतःला पुसून टाकते, तिथला 'ऑब्लिव्हिएट' हा तुकडा सतत धावत राहतो, कुठे टेकतच नाही. शेवटच्या भागातली 'लिलीज थीम' (लिली ही हॅरीची आई) म्हणजे फक्त एक बाईचा आवाज, शब्द नाहीत. तो आवाज माई फुजिसावा यांचा, जपानी संगीतकार जो हिसाइशी यांची मुलगी. आईची म्हणून नवी धून बांधली गेली आणि ती सुंदर आहे. तरीही प्रत्येक वेळी ऐकताना मला वाटतं, आईची धून तर आपल्याकडे आधीपासून होती. युद्धातही देस्पला ढोल बडवत बसत नाहीत. पडद्यावर शाळा कोसळत असते आणि खाली संथ शोकसंगीत. पुतळे जिवंत होऊन चालायला लागतात, तिथे मात्र मोकळा हात सोडलाय.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: एकच चित्रपट निवडायचा तर तिसरा, विल्यम्स. एकच तुकडा निवडायचा तर मात्र मी हूपर यांचा निरोपाचा तुकडा निवडेन. डॉयल आणि देस्पला यांच्यात मला उजवं-डावं करता येत नाही. डॉयलचं संगीत सुटं ऐकायला जास्त छान, देस्पलांचं पडद्याबरोबर जास्त छान.

आणि तुटलेला धागा एका ठिकाणी पुन्हा जोडलाय, तेही सांगायला हवं. अगदी शेवटी, एकोणीस वर्षांनंतरच्या फलाटावर, देस्पलांची नवी धून वाजत नाही. तिथे वाजतं पहिल्या चित्रपटातलं 'लीव्हिंग हॉगवर्ट्स', विल्यम्सचं. अकरा वर्षांचा हॅरी सुट्टीसाठी आगगाडीत चढतो तेव्हाचं. मी ते थिएटरात ऐकलं तेव्हा शेजारी भाची बसली होती, पहिला भाग आला तेव्हा जन्मलेलीही नव्हती ती. तिने विचारलं, मावशी, तू का रडतेयस? काय सांगणार!

तुम्हाला फरक स्वतः ऐकायचा असेल तर एक करा. हेडफोन लावून 'अ विंडो टू द पास्ट' दोन-तीन वेळा ऐका, धून डोक्यात बसेपर्यंत. मग शेवटच्या भागातला जंगलाचा प्रसंग आवाज पूर्ण बंद करून बघा, आणि ती धून मनात म्हणा. नंतर तोच प्रसंग देस्पलांच्या संगीतासह बघा. कोणता जास्त भिडला ते इथे खाली नक्की लिहा, मला खरंच जाणून घ्यायचंय.