सोनेरी पिसांची कडकनाथ आणि निळ्यांची काळी पिल्लं

प्रश्न : काळ्याभोर कडकनाथच्या दोन पिल्लांना वाढताना मानेवर सोनेरी पिसं आली. विकणाऱ्याने फसवलं का?

एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथमध्ये गडद काळा, पेन्सिल्ड (पिसांवर बारीक रेघांचा) आणि सोनेरी असे तीन रंगप्रकार मानले जातात. पिसांचा रंग आणि कातडीचा काळेपणा वेगवेगळ्या जनुकांवर चालतो. त्यामुळे पिसं सोडा. तुरा, जीभ, पाय आणि पंखाखालची कातडी काळी आहे का बघा.

फसगत होते ती कातडी काळी असतानाही. काळेपणाचं जनुक एकाच पालकाकडून आलं तरी पुरतं. पण तो काळेपणा दाबणारं दुसरं एक जनुक लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतं, आणि कोंबडी ते फक्त मुलग्यांना देते. म्हणून पांढऱ्या किंवा पिवळ्या पायांच्या गावरान कोंबडीवर कडकनाथ कोंबडा सोडला, की तलंगा (तरुण माद्या) चांगल्या काळ्या निघतात आणि त्यांचे भाऊ फिके. जोडी उलटी लावली तर सहसा दोन्ही फिके. जनुकशास्त्रज्ञ बेटसन आणि पनेट यांनी १९११ साली काळ्या कातडीच्या सिल्की कोंबड्यांच्या संकरातून हाच उलगडा केला होता.

अशी संकरित तलंग बाजारात कडकनाथ म्हणून सहज खपते. शुद्ध कोंबड्याखाली तिची पिल्लंही काळीच दिसतात आणि भेसळ दडून राहते. कुणी काळी तलंग स्वस्तात देऊ लागला, की मी आधी तिचे भाऊ दाखवा म्हणतो.

प्रश्न : ब्ल्यू ऑर्पिंग्टन या निळ्या विलायती कोंबड्यांची जोडी आणली. पिल्लं मात्र काही काळी, काही निळी, काही पांढरट ठिपक्यांची. जोडी परत करू?

ठेवा, जोडी चोख आहे. निळा रंग म्हणजे काळ्यावर फिकटपणाच्या जनुकाची एकच मात्रा. दोन मात्रा आल्या की पिल्लू ठिपक्यांचं, म्हणजे स्प्लॅश. निळा-निळा जोडीत सरासरी पाव काळी, निम्मी निळी, पाव स्प्लॅश. डझनभर अंड्यांत हे प्रमाण जुळेलच असं नाही. सगळी निळीच हवीत तर काळा आणि स्प्लॅश यांची जोडी लावा. जे स्प्लॅश लोक नासका माल म्हणून काढून टाकतात, तेच इथे कामाचे.

प्रश्न : असील या झुंजीच्या देशी जातीत एकच रंग धरून पैदास करू का?

पीला, याकूब, नूरी, कागर ही नावं रंगांचीच आहेत, तेव्हा हौस म्हणून जरूर करा. पण निवड करताना आधी शरीराचा बांधा बघा : रुंद छाती, उभी लांब मान, भक्कम पाय, डोक्याला चिकटलेला बारीक तुरा. पीला रंगासाठी अरुंद छातीचा कोंबडा ठेवलात तर दोन-तीन पिढ्यांत असील फक्त नावाला उरेल.

प्रश्न : कोंबडा बदलला. कधीपासूनची अंडी उबवायला ठेवू?

जुना काढून तीन आठवडे तरी जाऊ द्या, महिना झाला तर उत्तम. कोंबडीच्या शरीरात वीर्य दोन-तीन आठवडे टिकतं, त्यामुळे नवा कोंबडा खुराड्यात असला तरी पिल्लं जुन्याची निघू शकतात. तोवरची अंडी खा नाहीतर विका. आणि मधल्या काळात कुणी खुडूक बसली, तर तिच्याखाली दुसऱ्या खुराड्यातली अंडी ठेवा.